डोके, टोपी आणि रस्ता

डोक्यावर काय घालावे, या प्रश्नावरून आम्हा पुणेकरांची आजवर जितकी डोकी भडकली असतील, तितकी सायकलवरून पडून फुटलीही नसतील. आजोबांच्या पिढीत पगडी घालावी की पागोटे, हा वाद होता. वडिलांच्या पिढीत काळी टोपी आणि पांढरी टोपी यांवरून सख्खे भाऊ चार-चार दिवस एकमेकांशी बोलत नसत. पुढे टोप्या गेल्या, डोकी उघडी पडली आणि मधली काही वर्षे शांततेत गेली. तेवढ्यात स्कूटर-मोटारसायकलवाल्यांमागे हेल्मेटची सक्ती लागली. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी ती कडक केली, तेव्हा तर रीतसर मोर्चा निघाला. माणसाने आपले डोके सांभाळावे की नाही, हा विषय चव्हाट्यावर आणून त्यावर भाषणे करण्याचे धाडस पुण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या शहराने केले असेल, असे मला वाटत नाही.

या सगळ्या धामधुमीतून सायकलवाला तेवढा सुटला. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकलवाल्यापुरते आहे. जो स्वतःच्या पायांनी पायडल मारतो, त्याच्या डोक्याची काळजी सरकारने त्याची त्यालाच वाहायला दिली आहे. आमच्या वेळी सायकलवाल्याचे गुन्हे म्हणजे दोनच : रात्री दिवा नसणे आणि डबलसीट जाणे. डोक्याबद्दल कुठल्या हवालदाराने कधी विचारले नाही. आम्ही तासाच्या भाड्याने सायकल आणली, दांड्याखालून पाय घालून शिकलो, गुडघे फोडून घेतले, त्यांवर हळद दाबली आणि मोठे झालो.

हा सगळा इतिहास उकरण्याचे कारण म्हणजे गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मेलबर्नहून आलेले एक खोके. आमची मुलगी तिथे असते. खोक्यात दोन हेल्मेटे होती; एक निळे, माझ्या नातवासाठी, आणि एक करडे, माझ्यासाठी. सोबत चिठ्ठी होती : "बाबा, हे घातल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. दोघांनीही."

नातू अकरा वर्षांचा. शाळा घरापासून अडीच किलोमीटर. तो तोवर व्हॅनने जात असे. म्हणजे सात मुलांच्या जागेत अकरावा होऊन, दप्तर डोक्यावर घेऊन जात असे. जूनपासून त्याने सायकलचा धोशा लावला होता, आणि हे खोके आल्यावर तर घरात सरळ दोन-तीन पक्षच पडले. सूनबाईंचे म्हणणे, सायकलच नको. हल्लीचे रस्ते का सायकलचे आहेत? सौ.चे म्हणणे, हेल्मेट घालून खुशाल जाऊ दे. पोर घरात बसून लोण्याचा गोळा व्हायला नको. खालच्या मजल्यावरचे अण्णा चहाला आले होते. त्यांनी निळे हेल्मेट हातात घेतले, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, आपण पन्नास वर्षं सायकल हाणली. कोणाचं काय झालं? आणि उद्या ट्रक अंगावर आला, तर हे भोकाभोकांचं टोपलं काय करणार?"

शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं विज्ञान शिकवलंत. तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल तसं."

मुलाने बापाला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणे ही गोष्ट हल्ली इतकी दुर्मिळ झाली आहे, की मी आधी खूशच झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की या पेपरात उत्तर चुकले, तर मार्क नातवाच्या डोक्याचे जाणार आहेत. मग झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मिळेल ते वाचायला लागलो.

अण्णांच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मला वाचावे लागले नाही. कोणाचे काय झाले, ते मला ठाऊक होते. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक मास्तर होते. साधा, हसतमुख माणूस. शाळेतल्या सातशे मुलांना ते नावाने ओळखत नसत, पण चित्र दाखवले की 'हा त्या वेंधळ्याचा डोंगर' असे अचूक सांगत. श्रावणातली एक दुपार. पाऊस नुकताच थांबलेला. मास्तर स्वतःच्याच गल्लीत, चालत्या माणसाच्या वेगाने सायकलवरून येत होते. ड्रेनेजच्या ओल्या लोखंडी झाकणावरून पुढचे चाक घसरले आणि ते आडवे झाले. ना ट्रक, ना मोटार, ना रिक्षा. डोके फुटपाथच्या कडेला लागले. मास्तर उठले, 'काही नाही, काही नाही' म्हणाले, सायकल हातात धरून घरी गेले, चहासुद्धा घेतला. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. रात्री शस्त्रक्रिया करून डोक्यातली रक्ताची गाठ काढली, म्हणून जीव वाचला. अंगावर जखम म्हणाल, तर कोपराला खरचटले होते तेवढीच. पण त्यानंतर मास्तरांना रंगांची नावे आठवेनात. पिवळा रंग समोर धरला, की बराच वेळ त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "ते... आंब्याचं." पुढे चार वर्षे ते होते. आम्ही भेटायला गेलो, की त्यांच्या पत्नी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून स्वतः आत जाऊन डोळे पुसून येत.

तेव्हा पन्नास वर्षांत कोणाचे काही झाले नाही, हे म्हणणे ज्यांचे झाले नाही त्यांचेच असते.

राहिला दुसरा प्रश्न. हे टोपले काय करणार? त्यासाठी ते टोपले आहे तरी काय, हे आधी पाहिले. वरचे रंगीत कवच हाताने दाबले तर वाकेल इतके पातळ आहे. आत सगळा पांढरा, दाणेदार, हलका पदार्थ. सौ. म्हणाली, "अगंबाई, हे तर थर्माकोल!" आणि ते खरोखर थर्माकोलच आहे, फक्त अधिक घट्ट दाबलेले. ज्याची मखरे करून आपण वर्षानुवर्षे गणपती बसवले आणि २०१८ साली ज्या मखरांवर सरकारने बंदी घातली, त्याच जातीच्या पदार्थावर माणसाचा मेंदू सोपवायचा, हे ऐकून अण्णांना फार आनंद झाला.

पण त्यातच सगळी मेख आहे. हेल्मेट कठीण असते म्हणून डोके वाचते, असा आपला समज असतो. वास्तविक ते चिरडते म्हणून डोके वाचते. हे मी घरातल्यांना प्रयोगाने दाखवले. मातीची तीन बोळकी आणली, प्रत्येकात अर्धा किलो वाटाणे भरले आणि तोंडे फडक्याने बांधली. पहिले बोळके जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडले. त्याचे काय झाले, ते सांगायला नको. वाटाणे दसऱ्यापर्यंत सापडत होते. दुसरे बोळके, फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचा जाड तुकडा फरशीवर ठेवून, त्यावर सोडले. धप्प असा आवाज झाला आणि बोळके शाबूत राहिले. थर्माकोलमध्ये मात्र वाटीसारखा खळगा पडला. मग तिसरे बोळके नेमके त्याच खळग्यावर सोडले, तर त्याला तडा गेला. सूनबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकदा पडलं की हेल्मेट फेकून द्यायचं?" चौतीस वर्षांत इतका चटकन निष्कर्ष काढणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले. होय, एका जोरदार आपटीनंतर हेल्मेट बाद. वरून धड दिसले, तरी आतला थर एकदाच चिरडायचा असतो, आणि ते काम त्याने करून टाकलेले असते.

हिशेब अगदी पाचवीतल्या मुलाला कळेल असा आहे. सायकलवरून कोलमडणाऱ्या माणसाचे डोके साधारण दीड मीटरवरून, म्हणजे दीडशे सेंटिमीटरवरून खाली येते. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जरा खाली असतो. आता हे डोके थांबायला किती जागा मिळते, यावर सगळे अवलंबून. थर्माकोलचा थर दोन सेंटिमीटर चिरडला, तर दीडशे भागिले दोन, म्हणजे डोक्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या पंचाहत्तर पट जोर येतो. उघडे डोके डांबरावर आदळले, तर त्याला थांबायला मिळतात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तीन धरले, तरी भागाकार पाचशे येतो. हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात धक्का एकसारखा नसतो, त्याचे टोक सरासरीच्या बरेच वर जाते. म्हणून युरोपात हेल्मेट तपासताना त्यात धातूचे डोके बसवून, ते जवळजवळ याच वेगाने सपाट ऐरणीवर आदळतात आणि धक्क्याचे टोक अडीचशे पटींच्या वर गेले, तर हेल्मेट नापास करतात. अमेरिकेत १९९९ पासूनच्या नियमाप्रमाणे दोन मीटरवरून टाकतात आणि तीनशे पटींपर्यंत सूट देतात. दोन्हीकडे परीक्षा एकाच गोष्टीची आहे : माणूस आपल्या उंचीवरून आपणच पडला, तर काय होते? आमच्या चित्रकलेच्या मास्तरांचा जो अपघात झाला, हेल्मेट नेमके तेवढ्यासाठीच बनवलेले असते.

डोक्यावरच्या टोपीचे हे शास्त्र फार जुने नाही. १९३५ च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी मेंदूच्या इजेने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तरुण मेंदूशल्यविशारद होते. ते मरण केर्न्स विसरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात निरोप्यांच्या मोटारसायकली अंधारात पटापट आपटू लागल्या, तेव्हा त्यांनी त्या डोक्यांची नोंद ठेवली आणि १९४१ साली हेल्मेटच्या बाजूने निबंध लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सायकलवाल्यांच्या वाट्याला मात्र बराच काळ कातडी पट्ट्यांची जाळी तेवढी आली. आतून थर्माकोलचा थर असलेले, खास सायकलसाठी केलेले पहिले नामांकित हेल्मेट १९७५ चे. पुढे १९९५ साली टूर द फ्रान्स शर्यतीत इटलीचा फाबियो कासार्तेल्ली घाटाच्या उतारावर पडून गेला, २००३ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एका शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह गेला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांतच शर्यतीत हेल्मेट सक्तीचे झाले.

इथपर्यंत वाचून झाल्यावर सौ.ने निकाल जाहीर करण्याची घाई केली. पण प्रयोगातले बोळके वेगळे आणि रस्त्यावरची हजार डोकी वेगळी. त्यांची मोजदाद कोणी केली आहे का, हे पाहायला हवे होते.

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात तीन संशोधकांनी १९८९ साली ती केली. रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांपैकी डोके फुटलेले कोण आणि न फुटलेले कोण, कोणी हेल्मेट घातले होते आणि कोणी नाही, असा ताळा मांडून त्यांनी सांगितले, की हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा जगभर गाजला. दुकानदारांनी तो पाट्यांवर लिहिला, सरकारांनी कायद्यांत वापरला. पण मोजणी करणाऱ्या पुढच्या लोकांना तो तेवढा मोठा सापडेना. साधी गोष्ट आहे : जो आपण होऊन हेल्मेट घालतो, तो एरवीही जपून चालवणारा असतो, त्याच्या सावधपणाचे श्रेय टोपीला मिळून जाते. अखेर २०१३ साली अमेरिकेतल्या सरकारी खात्यांनीही तो ८५ चा आकडा आपल्या प्रचारातून काढून टाकला.

मग खरा आकडा कोणता? २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांचा हिशेब केला. हेल्मेटवाल्यांत डोक्याची इजा ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर इजा ६९ टक्क्यांनी कमी, डोक्याच्या इजेने मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी आणि चेहऱ्याची इजा ३३ टक्क्यांनी कमी, असे त्यांना आढळले. मानेच्या इजेत मात्र फरक दिसला नाही. दोन वर्षांनी नॉर्वेतून अशीच आणखी एक मोठी बेरीज आली. तिच्यातही सर्वसाधारण इजा ४८ टक्क्यांनी आणि गंभीर इजा ६० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी मोजूनही काटा साधारण एकाच जागी येऊन थांबतो : दहा गंभीर इजांपैकी सहा-सात टळतात. तीन-चार टळत नाहीत.

या न टळणाऱ्या तीन-चारांत काय असते? एक तर मेंदूची पिळवटणूक. डोके रस्त्यावर तिरके आपटते, तेव्हा ते गर्रकन फिरते. विरजलेल्या दह्याचे भांडे हातात धरून एकदम फिरवा. भांडे फिरते, दही मागे राहते, कडा सुटतात आणि मधे चिरा पडतात. मेंदूचे असेच होते, हे ऑक्सफर्डच्या हॉलबोर्न यांनी १९४३ साली जिलेटिनचे मेंदू करून दाखवले होते. थर्माकोल सरळ धक्का चांगला शोषतो, हे फिरणे तितके चांगले रोखत नाही. अलीकडे स्वीडनमधल्या संशोधकांनी हेल्मेटच्या आत एक घसरता थर बसवायची युक्ती काढली आहे. तिने काही फायदा होतो, पण दही ते दहीच.

आणि दुसरा असतो अण्णांचा ट्रक. इथे मला अण्णांपुढे हात जोडावे लागले. ताशी साठच्या वेगाने येणाऱ्या वाहनाची धडक बसली, तर वेग तिप्पट झाला म्हणजे जोर तिप्पट होत नाही. तिनाचा वर्ग करावा लागतो, नऊ पट होतो. दोन सेंटिमीटर थर्माकोलच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. शिवाय चाकाखाली सापडतो तो माणूस छातीने, पोटाने, कमरेने सापडतो, आणि तिथे टोपी नसते. अशा एखाद्या अपघाताच्या बातमीत 'हेल्मेट घातले होते' हे वाक्य वाचले, की मला त्या वाक्याचाच राग येतो. जणू काही मुलाने आपला अभ्यास चोख केला होता, तरी नापास झाला, याचे आश्चर्य वाटावे! ज्या परीक्षेसाठी ती टोपी बनलेलीच नाही, त्या परीक्षेला तिला कोणी बसवले?

या प्रश्नाने मी मुलीच्या मेलबर्नला जाऊन पोहोचलो, अर्थात वाचनातून. तिच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. असा कायदा करणारे ते जगातले पहिले. वर्षभरात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले, आणि डोक्याला मार लागून रुग्णालयात येणारे सायकलस्वार खरोखर कमी झाले. सरकारला आनंद झाला. पण रस्त्यावर उभे राहून मोजणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली : सायकलस्वारच कमी झाले होते. विशेषतः ज्या वयात आरशापुढे अर्धा तास जातो, त्या वयाच्या मुलामुलींनी टोपी घालण्यापेक्षा सायकल सोडणे पसंत केले. कमी झालेल्या इजांपैकी किती टोपीमुळे आणि किती रिकाम्या खोगिरांमुळे, यावर तिथले विद्वान तीस वर्षे भांडत आहेत. ते वाचताना मला अगदी पुण्यात असल्यासारखे वाटले.

गंमत अशी, की ज्या सिॲटलमध्ये तो ८५ चा आकडा निघाला, त्या परिसरातला हेल्मेटसक्तीचा नियम २०२२ साली उठवण्यात आला. हेल्मेट निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे. घालाच, असे ते अजूनही सांगतात. पण दंड भरायची पाळी बेघर आणि काळ्या माणसांवरच अधिक येते, असे आढळले.

इंग्लंडात बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी तर स्वतःच सायकल काढली. मागून येणारी मोटार किती अंतरावरून पुढे जाते, हे मोजणारे यंत्र तिला लावले आणि कधी हेल्मेट घालून, कधी बोडक्याने फिरले. २००७ साली त्यांनी सांगितले, की हेल्मेट घातले की मोटारी सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जातात. लांब केसांचा टोप घालून पाहिला, तर मोटारवाले बाई समजून लांबून जाऊ लागले! या प्रयोगात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होते. पुढे २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि धोक्याइतक्या जवळून जाण्याचा हेल्मेटशी संबंध दिसत नाही, असे सांगितले. तेव्हा टोपीने मोटारवाला माजतो, असे छातीठोक म्हणता येणार नाही. सौ.ने मात्र केसांच्या टोपाची हकिकत सूनबाईंना दोनदा सांगितली.

मग मी हॉलंडकडे वळलो. तिथे शाळेला जाणारी पोरे, बाजारहाट करणाऱ्या आज्या, कचेरीला जाणारे साहेब, सगळे सायकलवर, आणि बहुतेकांचे डोके उघडे. एवढे असून सायकलने जायला सगळ्यात निर्धोक अशा देशांत त्याची गणना होते. हे जन्मतः असे नव्हते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच 'बालहत्या थांबवा' असे होते. त्यांनी मुलांच्या डोक्यावर टोपी मागितली नाही, मुलांच्या चाकाखाली वाट मागितली. मोटारींचा वेग उतरवा, सायकलला वेगळा मार्ग द्या, चौक नीट बांधा. त्यांना ते मिळाले. अण्णांच्या ट्रकवर आजवर सापडलेला उपाय हा एवढाच आहे, आणि तो डोक्यावर घालता येत नाही.

पुण्यातही सायकलमार्ग आहेत. त्यांवर स्कूटरी उभ्या असतात, भेळेची गाडी असते, मधोमध विजेचा खांब असतो आणि कुठे कुठे तर मार्ग एकदम संपतोच. जणू सायकलस्वाराने तिथून पुढे उडत जावे. हेल्मेट घ्या म्हणून सांगणे सोपे असते. ते आठशे-हजार रुपयांत येते, दुकानात मिळते आणि त्याचा दोष ज्याचे डोके त्याच्याच माथी मारता येतो. खांब हलवायला मात्र माणसे लागतात.

तेव्हा माझा निकाल मी दोन भागांत दिला. पहिला भाग सौ.चा : हेल्मेट घालायचे. आपण होऊन पडण्याचे भय सायकलच्या जन्माबरोबरच आलेले आहे, आणि त्या भयावर ही टोपी खरोखर गुणकारी आहे. दुसरा भाग सूनबाईंचा : हेल्मेट आहे म्हणून मोठ्या रस्त्याला जायचे नाही. टोपीने ट्रक लांब होत नाही.

नियम कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले, ते इथे उतरवतो. घरोघरी उपयोगी पडतील. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. मागे कलंडलेले हेल्मेट म्हणजे लग्नातला फेटा. पट्टे कानांच्या खाली जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतपत घट्ट असावेत. उघड्या पट्ट्याचे हेल्मेट आधी उडते आणि डोके मागून पडते. पुढे मोठे होईल म्हणून मोठे घेऊ नये. तो नियम शाळेच्या गणवेशाचा. एकदा जोरात आपटले की नवे घ्यावे. सायकलवरून उतरून झोपाळ्या-घसरगुंडीवर जाताना काढून ठेवावे. पट्टा अडकून लहान मुलांचे गळे आवळले गेल्याचे प्रकार झालेले आहेत. आणि डोके आपटल्यावर ओकारी, गुंगी, बोलण्यात घोटाळा यांपैकी काहीही दिसले, तर चहा घेत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. हा शेवटचा नियम लिहिताना मी थोडा वेळ पेन टेकवून बसलो.

मग आठ सकाळी मी आणि नातू मिळून शाळेची वाट शोधत फिरलो. तो निळ्या टोपीत, मी करड्या टोपीत. मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांतून जायचे ठरले. अडीच किलोमीटरांचे सव्वातीन झाले. एकच मोठा चौक चुकवता येईना, तिथे उतरून सायकल हातात धरून ओलांडायची, असा करार झाला. वाटेत ड्रेनेजची चार झाकणे रस्त्याच्या वर आलेली सापडली, त्यांची यादी करून मी एका कार्यालयात अर्ज दिला. कोणत्या, ते सांगत नाही. दोन झाकणे पाच महिन्यांत बसवली, उरलेल्या दोहोंसाठी तिसरा अर्ज गेला आहे. अण्णांनी त्यावर सही केली आहे. टोपी मात्र ते अजून घालत नाहीत.

नातू दिवाळीच्या सुट्टीनंतर सायकलने जाऊ लागला, त्याला आता वर्ष होईल. तो आतापर्यंत दोनदा पडला. दोन्ही वेळा गुडघ्यावर. हेल्मेटवर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे एवढ्या खटाटोपाचा अजून काडीचा उपयोग झालेला नाही, आणि तो कधीच होऊ नये, अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे.

सकाळी साडेसहाला तो निघतो. सूनबाई पट्ट्यात बोट घालून पाहतात. सौ. गॅलरीत जाऊन तो वळेपर्यंत उभी राहते. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचतो. म्हणजे उघडून धरतो. सात वाजता शाळेची घंटा होते, तेव्हा पहिली बातमी वाचायला घेतो.